उरलेलं पाणी

१

घंटा गेली ती नेमकी समिती यायच्या आठवड्यात.

घंटा म्हणजे देवळात टांगतात तसली मोठी घंटा नव्हे. मुठीत मावेल एवढी, काशाची, लोलक तुटलेली. धर्मापुरीच्या जुन्या देवळाजवळ कुणाला तरी विहीर खणताना सापडली आणि त्या भल्या माणसानं ती कॉलेजला देऊन टाकली. तेव्हापासून ग्रंथालयातल्या काचेच्या कपाटात ती धूळ खात पडली होती. कुत्रंसुद्धा तिच्याकडे बघत नव्हतं. पण शनिवारी बाहेरगावची तपासणी समिती येणार म्हणताना त्या कपाटाला एकाएकी ‘वस्तुसंग्रहालय’ म्हणायला लागले, घंटेला पॉलिश झालं, खाली मखमल आली. आणि बुधवारी मधल्या सुट्टीत बघतात तो मखमल तेवढी जागेवर.

प्राचार्य शिवशंकर सरांनी रोहिणीला बोलावून घेतलं. रोहिणी इतिहास शिकवायची, तीही तासिका तत्त्वावर. म्हणजे घेतलेल्या तासांपुरता मोबदला आणि दर जूनला नव्यानं देव पाण्यात घालून बसायचं. ‘कमवा आणि शिका’ योजनेचं काम तिच्या गळ्यात मारलं होतं, कारण त्या कामाला ना मान होता ना मानधन.

“मॅडम, ग्रंथालयात सकाळपासून तुमची ती पोरगी होती,” प्राचार्य म्हणाले.

पोरांनी बक्षीस आणलं की ती कॉलेजची असतात. काही हरवलं की लगेच कुणा एकाची होतात.

“पौर्णिमा? ती असं करणार नाही, सर.”

“मलाही तसंच वाटत होतं.” हे बोलले ग्रंथपाल विजयसिंह. पांढराशुभ्र शर्ट, जिभेवर साखर. दर चौदा एप्रिलला समतेवर असं भाषण करायचे की पुढच्या रांगेतल्या बाया पदरानं डोळे पुसायच्या. “पण डोळ्यांनी पाहिलं ते नाकारू कसं? मधल्या सुट्टीत मी रांजणावर पाणी प्यायला गेलो. ही झाकण उचलून आत खुडबुड करत होती. मला पाहून चपापली. मी आपलं पाणी प्यालो. गारगार, छान पाणी. आणि गुपचूप परत आलो. म्हटलं, गरीब लेकरू आहे, कशाला संशय घ्या?”

प्राचार्यांनी शिपायाला रांजण बघायला पाठवलं होतं. आता ते बोट नाचवत रोहिणीला सांगू लागले, “हे बघा, शनिवारी विठ्ठलराव स्वतः समितीला रांजणापाशी गूळ-पाणी देणार आहेत. आपल्या भागाची रीत म्हणून. सगळ्या स्टाफनं पाहुण्यांबरोबर तिथंच गूळ-पाणी घ्यायचं, असं त्यांचं फर्मान आहे. त्याच्या आत हे प्रकरण मिटलं पाहिजे. चोर सापडला तर त्याची जागा रद्द, होस्टेलची खोलीही रद्द.”

विठ्ठलराव म्हणजे संस्थेचे सचिव. माजलगावहून परळीकडे जाताना उसाच्या फडांमध्ये ही जी पिवळी इमारत दिसते, तिच्यातलं पानसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय हलत नाही.

तेवढ्यात ग्रंथालयाचा शिपाई बंकट धापा टाकत आत आला. त्याच्या ओल्या मुठीत घंटा होती.

“सर, घावली! रांजणाच्या तळाला व्हती!”

२

रांजण म्हणजे पौर्णिमा, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. ग्रंथालयाच्या व्हरांड्यात वाळूच्या ढिगात बसवलेला तो मोठ्या पोटाचा रांजण तीच रोज घासायची आणि तीच बोअरच्या नळावरून बादल्या आणून भरायची. त्याखेरीज ग्रंथालय झाडायचं आणि पुस्तकं मांडायची. ‘कमवा आणि शिका’तली ही एकच जागा सावलीतली. बाकीची पोरं बागेत उन्हात खुरपणी करायची. शिवाय काम संपलं की तिथंच बसून वाचता यायचं. ही जागा मिळावी म्हणून पोरं टपून बसलेली असायची.

रोहिणी गेली तेव्हा पौर्णिमा लिंबाखाली पायरीवर बसली होती. चेहरा पांढराफटक. शेजारी मातीत ओकारीचा डाग.

“काय झालं गं?”

“पोटात ढवळतंय, म्याडम. पाणी कडू व्हतं.”

“कुठलं पाणी?”

“रांजणातलं. सकाळी भरलं तव्हा पिले तर ब्येस व्हतं. पयल्या तासाला मी आत पुस्तकं लावीत व्हते. मधल्या सुट्टीत भायेर आले तर पोरं वरडाया लागली, पाणी कडू लागतंय म्हून. मला वाटलं, उगं खोड्या काढत्यात. म्हून म्या सवता गिलासभर पिले. लई कडू. मंग झाकण काढून बघत व्हते तर मागं सर हुभे.”

“त्यांना बघून चपापलीस?”

“चपापणार न्हाई तर काय? पाण्याची जबाबदारी माझी हाय.” तिनं ओढणीनं तोंड पुसलं. “म्याडम, माझं काम जाईन का?”

उत्तर रोहिणीला माहीत होतं. पौर्णिमा शिरूर कासारकडच्या एका गावातल्या बौद्धवाड्यातली. बाप शहादेव आणि आई सरूबाई दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे ते उन्हाळ्यातच परतायचे. थोरल्या बहिणीनं बारावीनंतर कोयता धरला तो धरलाच. ही एकटी कॉलेजपर्यंत आली, ती या कामाच्या जोरावर. काम गेलं की खोली जाणार, खोली गेली की कॉलेज जाणार, आणि कॉलेजच्या भिंतीपलीकडे ऊस उभाच होता.

“पाणी कडू कशानं झालं असेल, काही कळलं?”

“बंकटमामाला इचारा. काल घंटेला पॉलिश त्येंनीच केलं.”

रोहिणीनं बंकटकडून घंटा मागून घेतली, उलटी केली आणि नाकाजवळ नेली. बाहेरून घंटा लखलखत होती. आतल्या पोकळीत मात्र पॉलिशच्या पांढऱ्या लेपाचे राहिलेले थर होते आणि त्यांना असा उग्र वास मारत होता की तिनं मान फिरवली. म्हणजे ज्यानं घंटा रांजणात टाकली, त्यानं पिण्याच्या पाण्यात पॉलिशचं औषधच कालवलं होतं. आणि ते पाणी पौर्णिमा ग्लासभर प्यायली होती.

रोहिणी तडक प्राचार्यांकडे गेली. “सर, ज्यानं घंटा आत टाकली तो ते पाणी पिईल का?”

प्राचार्यांनी मान वर न करता उत्तर दिलं. “नाटकं करतात हो ही पोरं. दुसरा कुणी असेल तर नाव आणा. नाहीतर परवा मी तिचं नाव कमी करतो.”

३

पहिलं नाव लखनचं होतं. हा योजनेतलाच, बागेत काम करणारा पोरगा, अंगानं दांडगा, तोंडानं त्याहून दांडगा. वर्षाच्या सुरुवातीला ग्रंथालयाची जागा मिळाली नाही म्हणून त्यानं सगळ्यांसमोर पौर्णिमाला धमकी दिली होती.

“‘तुला इथं टिकू देणार न्हाई’ असं तू म्हणाला होतास ना?” रोहिणीनं विचारलं.

“म्हणलो व्हतो. रागात मानूस लई काय काय म्हणतंय.” त्यानं खुरपं मातीत खुपसलं. “पर म्याडम, आज त्या पाण्यानं मीच मरता मरता वाचलो. उन्हातून आलो आन् तांब्याभर घटाघटा पिलो. अशी कडू चव आली की समद्यांसमोर पचाक्कन थुकलो. तिला लई बोललो बी. येडाय का मी, आपल्याच प्यायच्या पाण्यात घाण टाकाया? दिसभर त्याच रांजणावर आमी जगतो.”

त्याला थुंकताना निम्म्या वर्गानं पाहिलं होतं. रोहिणीनं तिघाचौघांना विचारून खात्री केली. सुट्टी झाल्या झाल्या जो पहिला प्यायला तोही बोंबलला होता आणि शेवटचाही. पहिल्या तासाच्या आधी पाणी गोड होतं, सुट्टीच्या पहिल्या घोटापासून कडू.

दुसरं नाव बंकटचं. काचेच्या कपाटाची किल्ली ग्रंथपालांच्या खुर्चीमागच्या खिळ्याला टांगलेली असायची आणि बंकट तिथंच स्टुलावर बसायचा. शिवाय पौर्णिमाची जागा रिकामी झाली तर पुढचा नंबर त्याच्या इथंच शिकणाऱ्या लेकीचा, मोहिनीचा होता. एवढं सरळ गणित कुणालाही दिसलं असतं. रोहिणीलाही दिसलं, आणि थोडं बरंही वाटलं. शिपाई चोर निघाला की कुणाचंच फारसं बिघडत नाही.

“मामा, खरं सांगा. मोहिनीसाठी केलंत का?”

बंकट स्टुलावरून उठून उभा राहिला.

“म्याडम, माही मोहिनी रोज त्याच रांजणाचं पाणी पिती. आज बी पिली. घरी जाऊन पडली हाय पोट धरून. बाप असलं करीन का?” मग त्यानं आवाज खाली केला. “पॉलिश म्याच केलं, ते कबूल. आतून पुसाया घेतलं तर सर म्हणले, ‘राहू दे आतलं, कोण बघतंय?’ आन् पयल्या तासाला सरांनी मला आफिसात पाठीवलं, टपाल आलंय का बघ म्हून. टपाल काय आलं नव्हतं. माघारी आलो तर सर खुर्चीत बसलेले.”

“तुम्ही नव्हतात तेव्हा व्हरांड्यात कोण होतं?”

“पोरगी आत कपाटाच्या रांगंत. भायेर कोण व्हतं ते मी कसं सांगू?” बंकटनं इकडंतिकडं पाहिलं. “गरिबानं कुणाचं नाव घेऊ नये, म्याडम.”

४

त्या दिवशी संध्याकाळी रोहिणी व्हरांड्यातच बसून राहिली. पौर्णिमानं कडू झालेलं पाणी सगळं उपसलं होतं आणि रांजण राखेनं घासून पुन्हा भरला होता. हाकलून देणार हे माहीत असूनही ती पोरगी काम सोडून गेली नव्हती.

रोहिणीची नजर रांजणाशेजारच्या मोगऱ्यावर गेली. मार्च महिना, बागेतली रोपं करपलेली, कॅनॉलला पाणी नाही, आणि हा मोगरा मात्र पाहुण्याच्या मुलासारखा गुबगुबीत. पानोपान हिरवं, कळ्यांनी लगडलेला.

“याला एवढं पाणी कुठून मिळतं?”

“उरलेलं घालते, म्याडम. रोज रातीच्याला उरतं ना.”

“या उन्हाळ्यात? एवढी माणसं असून?”

“उरतं. टाकून द्यायचं जिवावर येतं. आमच्या गावात टँकर येतो.” ती झाकण पुसत म्हणाली. “पवनदादा भरायचा तव्हा म्हणं दोनदा भरावं लागायचं. मी एकदाच भरते, तरी आर्धं तसंच.”

पवन म्हणजे गेल्या वर्षीचा पोरगा, विठ्ठलरावांच्या भावकीतला. काठावर पास झाला आणि पुण्याला गेला. रांजण तोच, बोअर तोच, तहान तीच. भरणारा हात तेवढा बदलला होता.

रोहिणीनं एकदा मोगऱ्याकडे पाहिलं, एकदा रांजणाकडे. ती उठून स्टाफरूममध्ये गेली. ही खोली ती रोज बघत होती, पण आज तिनं टेबलांकडे नीट पाहिलं. प्रत्येकाच्या पुढ्यात बाटली. स्टीलची, तांब्याची, प्लॅस्टिकची. गेल्या वर्षी इथं बाटली नव्हती. शिपाई रांजणातून जग भरून आणायचा आणि सगळे त्यातलंच प्यायचे.

“तुम्ही सगळे घरून पाणी कधीपासून आणायला लागलात हो?” तिनं हसत हसत विचारलं.

कुणाला बोअरचे क्षार बाधत होते, कुणाला मूतखडा होता, कुणाला कोमट लागत होतं. माणसं वेगळी, दुखणी वेगळी, पण डॉक्टर सगळ्यांचा एकच दिसत होता. आणि सगळी दुखणी पौर्णिमा कामाला लागली त्याच महिन्यातली होती.

कोपऱ्यात विजयसिंह सरांचं टेबल होतं. त्यावर तांब्याची नक्षीदार बाटली. रोहिणीला त्यांचं प्राचार्यांसमोरचं वाक्य आठवलं. ‘गारगार, छान पाणी.’

५

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत तिनं सगळ्यांना बोलावलं. बंकट, लखन, विजयसिंह सर. पौर्णिमाला दाराबाहेर बाकावर बसवलं. टेबलावर रांजणातून भरून आणलेला जग आणि पेले ठेवले.

“आधी पाणी घ्या सगळे. ऊन फार आहे. आज पाणी गोड आहे, मी पिऊन पाहिलंय.”

लखननं पेला एका दमात रिकामा केला. बंकटनंही. रोहिणी स्वतः प्यायली. दोन पेले भरलेलेच राहिले. त्यातला एक प्राचार्यांचा होता, पण तिकडे तिनं आत्ता पाहिलं नाही.

“विजयसिंह सर, काल मधल्या सुट्टीत तुम्ही रांजणातलं पाणी प्यालात ना?”

“हो. सांगितलं की.”

“कसं लागलं?”

“आता पाण्याचं काय वर्णन करायचं? गारगार. छान.”

“लखन, तुला कसं लागलं?”

“जहरावानी कडू.”

“मामा, तुमच्या मोहिनीला?”

“अजून अंथरुणात हाय, म्याडम.”

रोहिणीनं विजयसिंहांकडे पाहिलं. “सुट्टीच्या पहिल्या मिनिटापासून जो जो प्यायला तो थुंकला. तुम्हाला एकट्याला छान लागलं. सर, तुम्ही ते पाणी प्यालाच नाहीत. मग रांजणापाशी कशाला गेला होतात?”

विजयसिंहांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला.

“आठवणीत चूक होऊ शकते,” ते म्हणाले.

“होऊ शकते. पण बंकटमामांना नसलेलं टपाल आणायला कुणी पाठवलं? घंटेच्या आतला लेप पुसू नको असं कुणी सांगितलं? किल्ली कुणाच्या पाठीमागे असते? आणि सगळ्यांत मोठी गोष्ट ऐका. रोज ज्या भांड्यातलं पाणी पितो, त्यात माणूस असली घाण टाकत नाही. लखननं टाकली नाही, मामांनी टाकली नाही, पौर्णिमानं टाकली नाही, कारण हे सगळे तिथलंच पाणी पितात. ते काम त्याचंच, ज्याला त्या रांजणाचा घोट कधी घ्यायचाच नव्हता. त्याला ते पिण्याचं पाणी वाटतच नव्हतं.”

“मी का करीन असं? घंटा मला काय करायची?”

“घंटा नकोच होती तुम्हाला. पोरगी नको होती. शनिवारी विठ्ठलरावांच्या शेजारी उभं राहून, सगळ्यांच्या देखत, तिनं भरलेलं पाणी प्यायची पाळी तुमच्यावर येणार होती. मूतखडा, क्षार काही चाललं नसतं. आणि ‘हिला पाण्याला लावू नका’ असं तोंडानं म्हणायची सोय नाही. तो गुन्हा आहे. म्हणून चोरी पाहिजे होती. चोर ठरली की आपोआप गेली.”

“मॅडम! मी पंधरा वर्षं समतेवर भाषणं देतोय!”

“भाषणानं घसा कोरडा पडतो ना, सर? मग तेव्हा तरी प्यायचं होतं. आत्ता प्या. पेला पुढ्यातच आहे.”

विजयसिंहांचा हात पेल्याकडे गेला, पेल्याला लागला आणि तिथंच थांबला. बारीकसा पेला, पण तो माणूस तो उचलू शकला नाही. पंधरा वर्षांच्या भाषणांनी जे झाकलं होतं, ते एका पेल्यानं उघडं पाडलं.

“पाहिलंत, सर?” रोहिणी प्राचार्यांकडे वळली.

शिवशंकर सर पाहत नव्हते. त्यांच्या उजव्या हाताशी एक स्टीलची बाटली होती, आणि ते ती बोटांनी हळूहळू फायलींच्या मागे सरकवत होते.

६

निकाल दुपारपर्यंत लागला. निकाल असा की चोरी झालीच नव्हती. घंटा ‘स्वच्छतेसाठी पाण्यात ठेवताना गैरसमज झाला’. पौर्णिमाच्या नावावर डाग नाही, कुणाच्याच नावावर नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. प्राचार्यांनी रोहिणीला बाहेर येऊन स्वतः शाबासकी दिली आणि आवाज उतरवून म्हणाले, “जूनमध्ये तुमचे तास वाढवायचं डोक्यात आहे माझ्या. आता आणखी कुठं बोलू नका.”

त्याच संध्याकाळी टेम्पोतून थंड पाण्याचं यंत्र आलं. कालच्या प्रकारानंतर विद्यार्थ्यांच्या आरोग्याची काळजी वाटून विठ्ठलरावांनी ते भेट दिलं होतं. वर निळा जार उलटा ठेवायचा, खाली तोटी. रांजण उचलून गोदामात गेला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की रांजणच नाही तर रांजण भरणारी जागा कशाला? झाडलोट काय, बंकट करीलच. जागा रद्द झाली, आणि बागेतल्या जागा आधीच भरलेल्या होत्या. कुणाला काढलं नाही, फक्त काम उरलं नाही. साप मेला आणि काठीही शाबूत राहिली.

रोहिणीनं हे पौर्णिमाला सांगितलं तेव्हा ती मोगऱ्याच्या आळ्यात बसली होती.

“म्हंजी मी चोर न्हाई?”

“नाहीस. सगळ्यांसमोर सिद्ध झालं.”

“मंग काम कावून गेलं?”

रोहिणीला तोंड वर करवेना. “आपण तक्रार करू,” ती म्हणाली. “पोलिसात. मी साक्ष देते. माझे तास गेले तर जाऊ देत.”

पौर्णिमानं तिच्याकडं बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, उलट मोठ्या माणसानं लहानाकडं बघावं तशी माया होती.

“साक्ष कशाची देणार, म्याडम? पाणी पिलं न्हाई याची? न प्यायाचा काय पुरावा अस्तो? मोगरा दाखिवणार का?”

शनिवारी समिती आली. यंत्राला हार घातला, नारळ फुटला. गूळ वाटला गेला, पाणी यंत्रातलं. घंटा मखमलीवर लखलखत होती. विजयसिंह सरांनी तिचा इतिहास सांगितला आणि समितीतल्या एका बाईंनी तो टिपून घेतला.

पौर्णिमाची खोली महिनाअखेरीला सुटणार होती. रोहिणीनं ओळखीत शब्द टाकून पाहिला, दुकानं धुंडाळली. कुणी ‘बघू’ म्हणालं, कुणी आडनाव विचारलं आणि मग ‘बघू’ म्हणालं. एक दिवस पौर्णिमाच तासाला उशिरा आली, केस ओले, बोटं पांढरी पडलेली.

“काम घावलं, म्याडम. माजलगाव रोडला जारचा प्लँट हाय, तिथं. धुवायचे आन् भरायचे. पहाटं जाते, तासाला येते. मालक झोपायला खोली बी द्यायलाय.”

“त्यानं काही विचारलं नाही?”

“त्यो म्हणला, हात स्वच्छ पायजेत. डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, हातात मोजे. कोण भरतंय ते कुणाला दिसत न्हाई.” ती पहिल्यांदा हसली, पण ते हसू वयाला शोभणारं नव्हतं. मग तिनं व्हरांड्यातल्या यंत्राकडं मान वळवली. “ते वरचे निळे जार आमच्याकडचेच. सकाळी म्याच भरलेत. कुणाला सांगू नका, म्याडम. काम जाईन.”

रोहिणी तास संपवून व्हरांड्यात आली. ऊन रणरणत होतं. मोगरा वाळून काटक्यांवर आला होता. यंत्रापाशी विजयसिंह सर उभे होते. हल्ली त्यांच्या टेबलावर बाटली नसायची, कुणाच्याच नसायची. मूतखडे विरघळले होते, क्षार उतरले होते. सरांनी पेला भरला, मान मागं टाकून संपवला आणि दुसरा भरला.

सांगावं असं तिच्या जिभेच्या टोकाला आलं होतं. एकाच वाक्यात त्या माणसाचं पोट ढवळलं असतं. पण त्या वाक्याची किंमत सरांना नव्हती पडणार.

“पाणी कसं आहे, सर?” तिनं एवढंच विचारलं.

विजयसिंहांनी ओठ पुसले. त्यांना प्रश्नातलं काही आठवलं की नाही, देव जाणे.

“गारगार,” ते म्हणाले. “छान.”

रोहिणीनं स्वतःचा पेला तोटीखाली धरला.